माझी नोंद कोणी उघडली?

(ऑनलाइन आरोग्यनोंदी आणि रुग्णाचा अधिकार या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

आजच्या विषयात दोन शब्द आहेत, गोपनीयता आणि नियंत्रण. पहिला शब्द जुना आहे. उपचाराच्या निमित्ताने जे दिसले, जे कानावर आले, ते वैद्याने बाहेर बोलू नये, हे बंधन हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेत दोन हजारांहून अधिक वर्षांपासून आहे. त्या शपथेने एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे, ती म्हणजे रुग्णाचे गुपित ज्याला कळते तो माणूस रुग्णाच्या समोर बसलेला असतो. आपल्या काळात हे गृहीतक राहिलेले नाही. साधी रक्ततपासणी केली, तरी तिचा निष्कर्ष नमुना घेणारा, यंत्र चालवणारा, अहवालावर सही करणारा, बिल तयार करणारा, विम्याचा दावा तपासणारा आणि या सगळ्यांची संगणकप्रणाली सांभाळणारा, अशा कितीतरी जणांच्या नजरेखालून जाऊ शकतो. यांतल्या बहुतेकांचे तोंडही रुग्णाने पाहिलेले नसते. वैद्याने मौन पाळावे एवढ्याने आता भागत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या शब्दाकडे, नियंत्रणाकडे, वळावे लागते.

या शब्दाबद्दल मला आज एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. रुग्णाच्या हाती नियंत्रण आहे असे म्हणायचे असेल, तर आपली नोंद कोणी, कधी उघडली हे त्याला स्वतःला, कोणाकडे अर्ज न करता, पाहता आले पाहिजे. संमतीपत्रे, धोरणे, प्रमाणपत्रे यांना माझा विरोध नाही, पण या एका गोष्टीशिवाय त्यांची सत्यता तपासण्याचा मार्गच रुग्णाकडे उरत नाही.

कागदाच्या काळातली स्थिती आठवा. केसपेपर एका कपाटात असे, कपाट एका खोलीत, आणि खोलीला कुलूप. त्या व्यवस्थेचे दोष अनेक होते. फाइल हरवे, अक्षर लागत नसे, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागत. पण तिथे अंतर हेच एक संरक्षण होते. कोणाची फाइल वाचायची, तर उठून त्या खोलीत जावे लागे, आणि जाणारा माणूस कोणाला तरी दिसे. नोंदी संगणकावर आल्या तेव्हा गैरसोय गेली, आणि तिच्याबरोबर हे न मागता मिळालेले संरक्षणही गेले. ते जाणीवपूर्वक पुन्हा उभे करायला हवे होते, आणि अनेक ठिकाणी ते केले गेले नाही.

याचा परिणाम काय होतो, हे फिनलंडमधील एका खटल्यातून फार स्पष्ट दिसते. एक परिचारिका एका सार्वजनिक रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करत होती. तिला एचआयव्हीचा संसर्ग होता आणि त्याचे उपचार त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागात चालू होते. १९९२च्या सुरुवातीला तिला संशय येऊ लागला की, सहकाऱ्यांना आपला आजार कळला आहे. रुग्णालयातील नोंदी तेव्हा कर्मचाऱ्यांना सहज उघडता येत होत्या. तिने विचारले की, माझी नोंद कोणी पाहिली? याचे उत्तर देणे रुग्णालयाला शक्यच नव्हते. प्रणालीत फक्त शेवटच्या पाच वेळा नोंद उघडल्याची माहिती राहत असे, तीही विभागाच्या नावाने, व्यक्तीच्या नावाने नाही. आणि फाइल संग्रहात परत गेली की तेवढीही पुसली जाई.

ती देशांतर्गत न्यायालयांत गेली आणि हरली. कारण साधे होते. कोणीतरी विनाकारण नोंद पाहिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर होती, आणि पुरावा ज्या यंत्रणेने ठेवायला हवा होता, तिने तो ठेवलाच नव्हता. पुढे हे प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. जुलै २००८मध्ये त्या न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला. खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला होता, आणि नंतर भरपाई मागण्याची सोय आहे एवढ्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. मुळात अनधिकृत वाचन होणारच नाही अशी व्यवहारात टिकणारी व्यवस्था असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल इतका मोलाचा वाटतो, कारण कोणी चोरून वाचले हे त्यात शेवटपर्यंत सिद्ध झालेले नाही. ते सिद्ध करता येऊ नये अशी व्यवस्था असणे, हाच अन्याय मानला गेला.

आता उलट बाजूचे उदाहरण पाहू. एस्टोनियात २००८पासून देशव्यापी आरोग्यनोंदी ऑनलाइन आहेत. तिथला नागरिक आपल्या ओळखपत्राच्या आधारे स्वतःची नोंद उघडू शकतो, ती कोणी कोणी पाहिली हे वाचू शकतो आणि वाटल्यास काही कागद डॉक्टरांच्या नजरेआडही ठेवू शकतो. अशी पाहणीची यादी डोळ्यांसमोर आणून पाहा. मंगळवार, सकाळी दहा वाजून चार मिनिटे, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला. दहा वाजून अकरा मिनिटांनी औषधांची चिठ्ठी लिहिली गेली. बुधवारी दुपारी औषधविक्रेत्याने ती चिठ्ठी उघडली. आणि त्याखाली एक ओळ: रविवार, रात्री पावणेबारा, ज्या विभागाची पायरीही तुम्ही कधी चढला नाहीत, तिथून कोणीतरी तुमची संपूर्ण नोंद उघडली. या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून 'हे कोण?' असे विचारता येणे, म्हणजे नियंत्रण. अशी ओळ आपल्या नावाने लिहिली जाते हे माहीत असलेल्या कर्मचाऱ्याचा हात मुळातच थबकतो.

रुग्णालयाने स्वतःच्या लेखापरीक्षणासाठी अशी यादी ठेवली की पुरे, असे कोणी म्हणेल. अनुभव तसा नाही. २०१९मध्ये नेदरलँड्समधील एका रुग्णालयाला तिथल्या नियामक संस्थेने ४ लाख ६० हजार युरोंचा दंड केला. टीव्हीमुळे ओळखीच्या झालेल्या एका व्यक्तीची नोंद तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांनी, तिच्या उपचारांशी काही संबंध नसताना, पाहिली होती. कोण काय उघडते याची नियमित तपासणी पुरेशी होत नव्हती, असा नियामकाचा आक्षेप होता. यादी असून ती कोणी वाचत नसेल, तर ती असून नसल्यासारखी. ती वाचण्याची खरी ओढ ज्याची नोंद आहे त्यालाच असते, आणि कोणती ओळ परकी आहे हेही त्यालाच चटकन कळते.

डॉक्टर मित्र मला एक प्रश्न हमखास विचारतात. रुग्ण कागद लपवू लागला, तर उपचार कसे करायचे? प्रश्न रास्त आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हे दडले, तर शस्त्रक्रियेत जीव जाऊ शकतो. म्हणूनच अनेक प्रणालींत आणीबाणीत बंद नोंद उघडण्याची सोय असते. बेशुद्ध रुग्ण समोर आला, तर डॉक्टर ती उघडू शकतात, मात्र कारण लिहावे लागते आणि ते उघडणे ठळकपणे नोंदले जाते. इथेही सगळा भार पुन्हा त्या यादीवरच येतो. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला ती ओळ दिसणार असेल, तर ही सोय निर्धास्तपणे देता येते. शिवाय, काही भाग झाकता येणार नाही असे कळले की माणसे तो भाग सांगायचेच टाळतात. मानसोपचार, गर्भपात, व्यसन, लैंगिक आजार या गोष्टी नोंदीत येण्याआधीच गाळल्या जातात, आणि मग डॉक्टरांच्या हाती दिसायला पूर्ण पण आतून अपुरी नोंद पडते.

असल्या गोष्टी बाहेर आल्या की काय होते, याचे सर्वांत क्रूर उदाहरणही फिनलंडमधलेच आहे. वास्तामो नावाच्या मानसोपचार संस्थेतील हजारो रुग्णांची माहिती चोरली गेली होती आणि २०२०मध्ये ती चोरणाऱ्याने रुग्णांनाच थेट धमकीचे संदेश धाडले, पैसे द्या, नाहीतर तुम्ही उपचारकाला काय सांगितले ते सगळ्यांना वाचायला मिळेल. बंद खोलीत, विश्वासाने बोललेली वाक्ये होती ती. बँक खात्याचा क्रमांक फुटला तर तो बदलून मिळतो. बोललेले दुःख बदलून मिळत नाही.

'आम्ही नावे काढून टाकतो' या आश्वासनाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. १९९०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावे वगळून संशोधकांना देण्यात आली. लताना स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक एवढे तीनच तपशील जुळवले आणि त्या राज्याच्या गव्हर्नरांची नोंद ओळखून दाखवली. नाव गेले तरी माणूस त्या कागदात शिल्लक राहतोच.

इथपर्यंत मी रुग्णालये आणि सरकारे यांच्याकडील नोंदींबद्दल बोललो. व्यक्तीने स्वतःसाठी एखाद्या कंपनीच्या सेवेत ठेवलेली नोंद हा वेगळा प्रकार आहे, आणि फरक बहुतेकांना माहीत नसतो. आरोग्यमाहिती जपणारा अमेरिकेतील १९९६चा हिपा कायदा मुख्यतः डॉक्टर, रुग्णालये आणि विमा कंपन्या यांना बांधतो. तोच अहवाल रुग्णाने स्वतःहून एखाद्या अ‍ॅपमध्ये चढवला, तर त्या कायद्याचे संरक्षण सहसा त्याच्याबरोबर तिकडे जात नाही. युरोपात २०१८पासून लागू असलेला माहितीसंरक्षणाचा नियम याहून शहाणा आहे. आरोग्याची माहिती विशेष संवेदनशील, मग ती कोणाच्याही हाती असो, अशी त्याची भूमिका आहे. अशा सेवा कायम टिकतात असेही नाही. गूगल हेल्थ २००८मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २०१२च्या आरंभी बंद झाली. मायक्रोसॉफ्टची हेल्थव्हॉल्ट २००७ ते २०१९ एवढी चालली. दोन्ही वेळा लोकांना आपली माहिती उतरवून घ्यायला मुदत मिळाली, ही चांगली गोष्ट. पण आजार वीस-तीस वर्षे सोबत करतो, आणि त्याची वही बारा वर्षांत बंद होते, हे विसरून चालणार नाही.

स्वतःची नोंद डोळ्यांनी पाहण्याचा आणखी एक फायदा डेव्ह डीब्रॉन्कार्ट या अमेरिकी रुग्णाने जगाला दाखवला. कर्करोगातून बरे झालेल्या या गृहस्थाने २००९मध्ये रुग्णालयातील आपली माहिती गूगल हेल्थमध्ये आणली, तर त्याला कधीच न झालेले आजार तिथे त्याच्या नावावर दिसले. बिलांसाठी वापरले जाणारे संकेतांक रोगनिदान म्हणून उतरले होते, तेही तारखांशिवाय. त्याने पाहिले नसते, तर पुढचा डॉक्टर त्यावरच विसंबला असता. रुग्णांनी नोंदी वाचल्या तर ते घाबरतील, ही भीतीही फारशी खरी ठरली नाही. २०१०मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणच्या शंभरावर डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना वाचायला खुली केली. वर्षानंतर बहुतेक सर्व रुग्णांना ती सोय चालू राहायला हवी होती, आणि डॉक्टरांपैकी एकानेही ती बंद केली नाही.

शेवटी घरातली गोष्ट सांगतो, कारण नोंदीवरचे नियंत्रण दर वेळी परक्यांपासूनच जपायचे असते असे नाही. माझ्या मावशीच्या आजारपणात तिचे ऑनलाइन खाते मी सांभाळत होतो. औषधांच्या वेळा आणि पुढच्या तपासणीची तारीख पाहायची, एवढेच माझे काम. पण एकदा आत शिरले की सगळेच दिसत होते, आणि एका संध्याकाळी खाली खाली जाताना मी तिच्या तरुणपणीच्या एका उपचाराचा कागद वाचला. घरात कोणालाही ठाऊक नसलेली ती गोष्ट होती. मला वाटले, तिला आधार द्यावा, म्हणून मी ती तिच्यापाशी बोललो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला औषधांचं बघायला दिलं होतं रे."

माझा हेतू चांगला होता, आणि त्याने काहीच फरक पडला नाही. औषधे दाखवायची, जुने कागद नाही, अशी वाटणी करायची सोय त्या खात्यात असती तर तिने ती केली असती. ती माणसाला माणूस पाहून काय सांगायचे ते आयुष्यभर ठरवत आलेली बाई होती. त्या पडद्यावर मात्र एक तर सगळे, नाहीतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला पासवर्ड बदलायची जागा कुठे आहे एवढे विचारले, आणि नवा पासवर्ड टाकताना मला पाठ फिरवून उभे राहायला सांगितले.