देवाच्या दरबारात कोण कोण?

रविवारची उपासना आटोपली की इंदूरच्या या घरात सहा-सात जण जमतात. पोहे, वर शेव, जिरावण मसाला, मग पुस्तक. पोहे आधी संपवायचेच, कारण जिरावणाची पिवळी बोटं जुन्या पानांवर अजून दिसतात. गप्पा इंदुरी, म्हणजे अर्ध्या हिंदीत; वचनं मात्र मराठी बायबलातली.

आज विषय नारायण वामन टिळकांचा. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे कवी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते सांगत. हे ऐकायला सगळ्यांना आवडतं. अडचण पुढे आहे. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले होते, न झालेलेही.

“मग चर्च कशाला?” पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, केस पिकलेले काका विचारतात.

इथला दंडक असा की विरोध करणाऱ्यानं आधी लेखकाची बाजू मांडायची, तीही नीट. काका मांडतात: “घरचे-दारचे सोडून मिशनच्या कंपाउंडात गेला, की माणूस आपल्याच लोकांना परका होतो. टिळकांना ते नको होतं.” एवढं बोलून ते थांबतात. कोपऱ्यात शेजारचे दादा बसलेत. नेमानं येतात, बायबल वाचतात, बाप्तिस्मा घेतलेला नाही. त्यांच्यासमोर ‘बाहेरचे’ म्हणायला काकांची जीभ रेटत नाही.

काकांच्या मदतीला अनपेक्षितपणे सूनबाई येतात. त्यांच्या हातात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं उभा संसार मोडला, कित्येक वर्षं ताटातूट. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. “नुसता विधी असता, तर इतकं सोसावं लागलं असतं का?”

“वहिनी, म्हणूनच तर टिळकांना दरबार सुचला असेल,” दादा म्हणतात.

यावर तिघं एकदम बोलायला लागतात. आम्हाला विचाराल तर दादांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण सूनबाईंच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

पुढच्या रविवारी डीट्रिख बॉनहॉफर. ‘स्वस्त कृपे’वर, म्हणजे ख्रिस्तामागे न चालता फुकट मागितलेल्या क्षमेवर, १९३७ साली तुटून पडलेला जर्मन पाळक, १९४५ मध्ये नाझींनी त्याला फासावर दिलं. मंडळीच्या शिस्तीवाचून दिलेला बाप्तिस्माही तो स्वस्त कृपेतच धरतो. काका खूश. पण त्याची बाजू मांडायला दादांना सांगितलंय, आणि विरोध काकांनी करायचा आहे.