कॉफीच्या डोंगरातली जमीन ठाण्यातून विकत घेता येते का?

नमस्कार मंडळी.

आमच्या कोपरीतल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. नुकतेच रिटायर झालेत, फंडाचे पैसे हातात आलेत. परवा जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि मोबाइल पुढे केला. "तू जाऊन आलायस ना तिकडे? हे बघ जरा." धुक्यातला डोंगर, लाल फळांनी लगडलेली फांदी, आणि खाली मोठ्या अक्षरांत: अरकूच्या खोऱ्यात तुमचं स्वतःचं कॉफीचं शेत, पाच गुंठ्यांपासून पुढे. टोकन ५१ हजार. काकांनी फोन करून कागदांचं विचारलं, तर उत्तर आलं, "तिथल्या माणसाच्या नावावर घेऊ आणि तुम्हाला कुलमुखत्यारपत्र देऊ. नाहीतर ९९ वर्षांचा भाडेपट्टा करू."

मी काकांना तिथेच सांगितलं, एक रुपयाही देऊ नका. का, ते जिन्यात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून हा व्हिडिओ.

अरकू आहे आंध्र प्रदेशात, पूर्व घाटात, विशाखापट्टणमपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. उंची साधारण ९०० मीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या थोडं वर. किरंदुलकडे जाणारी रेल्वे बोगद्यांमागून बोगदे पार करत तिथे चढते. २०२२ पासून हा भाग अल्लूरी सीताराम राजू जिल्ह्यात येतो. ज्यांच्या नावाचा जिल्हा, त्या राजूंनी १९२२ ते १९२४ या काळात इंग्रजांविरुद्ध याच डोंगरांत बंड केलं होतं. जंगलात जायला बंदी, फिरत्या शेतीला बंदी, वर सक्तीची वेठबिगारी, यातून ते बंड पेटलं. जमिनीचा विषय तिथे जुना आहे आणि त्यासाठी रक्त सांडलेलं आहे.

मी गेलो होतो डिसेंबरमध्ये, फळं तोडायच्या दिवसांत. डांबरी रस्ता संपल्यावर तासभर पायी. अशा पाड्यांवरून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावं लागतं. मला तर माझी पाठीवरची सॅकच जड झाली होती. सोबत जीपवाला दादा होता, तोच माझा दुभाष्या.

[फांदीचा फोटो दाखवणे]

ही कॉफी. अरेबिका. उन्हात नाही, सावलीत वाढते. वर सिल्व्हर ओकची उंच झाडं, त्यांच्या खोडांना बिलगून मिऱ्याचे वेल, आणि खाली कमरेएवढी कॉफी. एका तुकड्यात दोन पिकं. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर आली की पांढरी फुलं येतात. आणि नोव्हेंबर ते जानेवारी तोडणी. इथे बघा, एकाच फांदीवर एक फळ हिरवं, एक पिवळसर आणि एक लालभडक. तोडायचं फक्त लाल. म्हणजे फांदी ओरबाडून चालत नाही, एकेक फळ बोटांनी फिरवून काढायचं आणि त्याच झाडाकडे पंधरा दिवसांनी परत यायचं. मी अर्धा तास तोडली, पाव टोपलीही भरली नाही. शेजारच्या ताईंची टोपली तेवढ्यात काठोकाठ. आणि सहा किलो फळांतून हाती काय येतं? साल, गर, पाणी जाऊन जेमतेम किलोभर बी. रोप लावल्यावर पहिली तोड यायला तीन-चार वर्षं थांबायचं, ते वेगळंच. जाहिरातीतला "घरबसल्या उत्पन्न" हा शब्द वाचला की मला त्या ताईंची बोटं आठवतात, फळांच्या चिकाने काळी पडलेली.

आता कागद. दुपारी त्या ताईंच्या घरी चहा घेतला. (हो, चहाच. कॉफी विकायला असते.) जमिनीचं विचारल्यावर त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. साड्यांच्या खालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात दुसरी पिशवी, आणि त्यात घड्या पडून मऊ झालेला एक कागद. तिकडे त्याला आरओएफआर पट्टा म्हणतात, म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला. त्यावर दोन फोटो होते. नवऱ्याचा आणि ताईंचा. दोघांची नावं. कायद्यातच लिहिलंय की लग्न झालेलं असेल तर नोंद दोघांच्या नावे व्हायला हवी. ही जमीन मुलांकडे वारशाने जाते, पण विकता येत नाही. आदिवासीलाही नाही, बिगरआदिवासीला तर नाहीच.

बरं, वनजमीन सोडा, साधी महसुली जमीन असली तर? हा संपूर्ण डोंगराळ भाग अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे आदिवासींच्या संरक्षणासाठी राज्यघटनेखाली जाहीर केलेला भाग. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा नियम आहे, तो १९७० मध्ये आणखी कडक केला. त्यानुसार तिथली जमीन बिगरआदिवासी माणसाला मिळूच शकत नाही. आणि हस्तांतर म्हणजे फक्त विक्री नव्हे. गहाण, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा, एवढंच काय जमिनीबद्दलचा करारसुद्धा त्यात धरलाय. म्हणजे ९९ वर्षांचा भाडेपट्टा गेला आणि साठेखतही गेलं. दुसऱ्याच्या नावावर घ्यायची युक्ती? तीही चालत नाही, कारण बिगरआदिवासीच्या ताब्यात जमीन दिसली की ती आदिवासीकडूनच आली असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. १९९७ मध्ये समता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असं ठरवलं की सरकारलासुद्धा अशा क्षेत्रातली जमीन खाणकामासाठी बिगरआदिवासी कंपनीला देता येणार नाही. जे सरकारला जमत नाही ते टोकन घेणारा एजंट कसं जमवणार?

हे ऐकून फार परकं वाटायला नको. शहापूर, मुरबाडकडे जागा बघितली असेल तर तुम्हाला ३६अ माहीत असेल. आपल्या जमीन महसूल संहितेतलं कलम. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. सातबारावर तशी नोंद असेल तर तिथेच थांबायचं, खरेदीखत कितीही सुंदर टाइप केलेलं असू दे.

कोणी विचारेल, मग कॉफीची जमीन कुठेच घेता येत नाही का? कर्नाटकात येते, चिकमगळूर, कोडगू. तिथे शेतकरी नसलेल्यांवरची बंदी २०२० मध्ये उठवली. पण कोडगूत जम्मा जमीन असेल तर तिच्यावर अख्ख्या कुळाचा हक्क असतो, एका भावाची सही पुरत नाही. तो स्वतंत्र विषय आहे, पुन्हा कधी.

मला तुम्हाला त्या घरातलं शेवटचं बोलणं सांगायचंय. ताईंनी कागद परत पिशवीत घातला आणि जीपवाल्या दादाला काहीतरी विचारलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "विचारतायत, तुमचं घर कितव्या मजल्यावर?" मी म्हणालो, चौथ्या. मग त्यांनी विचारलं, "आणि खालची जमीन कुणाची?"

माझा फ्लॅट माझा आहे. उद्या विकायचा म्हटलं तर विकता येईल. पण आमची सोसायटी नोंदवून तीस वर्षं होत आली आणि जमीन आजही आमच्या नावावर नाही. मालमत्ता पत्रक काढलं तर त्यावर मूळ मालकाचंच नाव येतं. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आमच्या नावे करून द्यायची असते. दिली नाही. मी ताईंना खरं ते सांगितलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पेटीला कुलूप लावलं.

काकांना हे सगळं काल रात्री त्यांच्या घरी बसून सांगितलं. टोकन दिलेलं नाही, नंबरही ब्लॉक केलाय. काका आमच्या कमिटीत आहेत. मी त्यांना म्हणालो, जमिनीचे कागद करायचेच आहेत ना, मग आपलेच करू. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. बिल्डरची सही मिळत नसेल तरी तो करता येतो. त्याला प्रत्येक फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, लागतो. अठ्ठावीस फ्लॅट आहेत, बावीस जणांचे कागद जमलेत. उरलेल्या सहांपैकी एक मी आहे. माझा कागद गावच्या घरी कपाटात आहे, रविवारी जाऊन आणतोय.