दीडशे फुटांची फळी

(वाचनालयाच्या छंद व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि या उन्हात घराबाहेर पडलेले सगळे सोलापूरकर, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘जहाजाच्या मॉडेलवर लाकडी डेक कसा घालावा’. तो मी घेणार आहे, फळी कापण्यापासून पॉलिशपर्यंत. पण त्याआधी एका गोष्टीबद्दल बोलायचंय. ती बरीच वर्षं मनात आहे, आणि आज इतकी माणसं ऐकायला बसलीत.

एका शहरात मॉडेलचं प्रदर्शन होतं. शहराचं नाव सांगत नाही. तिथे एका तरुण मुलाने ‘ट्रिंकोमाली’ केली होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे जहाज माहीत असेल, तरी दोन वाक्यांत सांगतो, कारण ते आपलं जहाज आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात बांधलेलं, ब्रिटिश आरमारासाठी. 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरलं आणि आज दोनशे वर्षं उलटून गेल्यावरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. याचे नकाशे मुंबईला पाठवले होते ‘जावा’ नावाच्या जहाजातून. ते जहाज 1812 च्या डिसेंबरात अमेरिकनांशी लढताना गेलं, नकाशेही गेले. मग पुन्हा नकाशे मागवा, पुन्हा वाट बघा. त्या चार वर्षांवर एक वेगळं व्याख्यान होईल. अध्यक्षांनी बोलावलं तर येईन. (हशा)

तर त्या मुलाचं मॉडेल. माप एकास बहात्तर. हात सुंदर होता. तोफांच्या खिडक्या एका रेषेत, दोरखंड ताणलेले, रंग कुठेही ओघळलेला नाही. आणि डेकवर नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सरळ, अखंड पट्ट्या, मध्ये बारीक काळ्या रेषा. परीक्षक आले, भिंग लावून पाहिलं आणि माइकवरून सगळ्यांना म्हणाले, “बघा, एवढ्या लांब डेकवर एकसुद्धा जोड नाही! याला म्हणतात सफाई.” टाळ्या झाल्या. पहिलं बक्षीस.

मी तिथेच मागे उभा होतो. पट्टी जवळ होती, मोजली. त्रेसष्ट सेंटिमीटर. गुणिले बहात्तर करा. पंचेचाळीस मीटरच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. खऱ्या ‘ट्रिंकोमाली’ची तोफांच्या मजल्याची लांबीही सुमारे दीडशे फूट आहे, म्हणजे मुलाने माप अचूक धरलं होतं. चूक एकच, त्याने दीडशे फुटांची एकेक फळी घातली होती. आता साग शंभर फुटांवर वाढतो, हे मलाही ठाऊक आहे. पण त्यातला सरळ, बिनगाठीचा, फळी निघेल असा सोट किती? डेकची फळी वीस-पंचवीस-तीस फुटांची असते. त्याहून लांब मिळाली तरी गोदीत आणायची कशी, वाफवून वाकवायची कशी, आणि कुजली तर तेवढी मोठी बदलायची कशी?

राग मला मुलाचा आला नाही. त्याने व्हिनियरच्या दुकानातून लांब पट्ट्या आणल्या, त्या नीट चिकटवल्या. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. राग आला तो परीक्षकांचा. त्यांनी भर सभेत, माइकवरून, एका हुशार मुलाला शिकवलं की जोड नसणं म्हणजे सफाई. त्या दिवशी हॉलमध्ये पन्नासेक शाळकरी मुलं होती, तीही हेच शिकून घरी गेली. मी नंतर परीक्षकांना गाठून विचारलं, “साहेब, हे झाड कुठल्या जंगलातलं?” ते म्हणाले, “मॉडेलमध्ये एवढं कोण बघतं?” मी बघतो! आणि गोदीतला सुतारही बघेल. त्याची निम्मी अक्कल त्या जोडांमध्ये खर्ची पडली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपली तरी राहायला नको. डेक खरा वाटतो तो लाकडाच्या रंगाने नाही आणि काळ्या रेषांनीही नाही. तो खरा वाटतो फळीच्या टोकांनी. टोक कुठे येतं आणि शेजारच्या ओळीत कुठे येतं, त्याने.

टोक कुठे येतं? डेकखाली आडव्या तुळया असतात. फळीचं टोक तुळईवरच टेकलं पाहिजे. अधांतरी टोकाला खिळा कशात मारणार? म्हणून मॉडेलमध्ये तुळया दिसणार नसल्या तरी आधी कागदावर त्या आखायच्या. धरून चालू की खऱ्या जहाजात पाच-पाच फुटांवर तुळई आहे. एकास बहात्तरला ते अंतर एकवीस मिलिमीटर होतं. फळी पंचवीस फुटांची, म्हणजे पाच तुळयांचं अंतर, साधारण एकशे सहा मिलिमीटर. रुंदी दहा इंच, म्हणजे साडेतीन मिलिमीटर.

आता शेजारची ओळ. दोन जोड एकमेकांना खेटून आले तर डेक तिथे कमकुवत होतो. गोदीतला जुना नियम असा की एकाच तुळईवर दोन जोड येणार असतील तर त्यांच्यामध्ये किमान तीन अखंड फळ्या हव्यात, आणि लगतच्या दोन ओळींतले जोड एकमेकांपासून निदान पाच फूट दूर हवेत. हा नियम ऐकला की माणसं गोंधळतात. पण सोलापुरात गोंधळायचं कारणच नाही.

साखर पेठेतले एक काका, उभं आयुष्य जकार्डचे, म्हणजे मागावरच्या नक्षीचे, ग्राफ भरण्यात गेलेले, एकदा घरी आले. माझ्या टेबलावर डेकचा आराखडा होता. चौकोनी कागद, आडव्या ओळी म्हणजे फळ्या, उभ्या रेषा म्हणजे तुळया, जोडाच्या जागी काळा ठिपका. त्यांनी चष्मा वर केला, बोटाने ठिपके मोजले आणि म्हणाले, “मास्तर, हे पाचाचं साटीन आहे की!”

अगदी बरोबर. साटीन म्हणजे कापडाची एक वीण, पाचाचं म्हणजे पाच ओळींनी फिरून तीच येणारी. पहिल्या ओळीचा जोड पहिल्या तुळईवर, दुसऱ्या ओळीचा तिसऱ्यावर, तिसऱ्याचा पाचव्यावर, चौथ्याचा दुसऱ्यावर, पाचव्याचा चौथ्यावर. सहावी ओळ पुन्हा पहिल्यासारखी. म्हणजे एका तुळईवरच्या दोन जोडांमध्ये चार अखंड फळ्या, शेजारच्या ओळींत दहा फुटांचं अंतर. नियम पाळला गेला, वर एक फळी शिल्लक. आणि उडी दोनऐवजी एकाची घेतली तर? जोडांचा तिरका जिना दिसतो, तो झाला ट्वील. मॉडेलवाल्यांनी घातलेले निम्मे डेक ट्वील असतात! साटीनमध्ये बांधणीचे ठिपके विखुरतात म्हणून कापड सलग दिसतं, आणि डेकही याच कारणाने सलग दिसतो. काकांनी आणखी एक सांगितलं. सहाचं साटीन एकसारख्या उडीने निघत नाही, उडी बदलत न्यावी लागते. म्हणून सहा तुळयांची फळी घेतली की डोकं जास्त चालवावं लागतं. विणकराला जे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, ते जहाजाच्या सुताराने स्वतंत्रपणे शोधलं. मला याचा फार आनंद होतो. आणि माझं मत असं की या शहरातल्या मुलांनी डेक घालायला शिकणं मुंबईच्या मुलांपेक्षा सोपं जायला हवं. समुद्र सह्याद्रीपलीकडे असेना का.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग आता भराभर.

लाकूड. सागाच्या जहाजाला साग वापरू नका. सागाचं छिद्र पाव-तीन दशांश मिलिमीटरचं असतं. ते बहात्तर पट केलं तर फळीला दोन सेंटिमीटरची भोकं झाली. बारीक रेषेचं लाकूड घ्या, आपल्याकडे हेदू चांगला. पट्ट्या एकाच फळीतून न काढता दोन-तीन तुकड्यांतून काढा, रंगात किंचित फरक पडू द्या.

काळी रेषा. खऱ्या डेकमध्ये फटीत जुन्या दोरखंडांचा पिंजलेला, डांबर लावलेला धागा ठोकतात आणि वर डांबर ओततात. ती फट बोटभरही नसते. आपल्या मापाला एक-दीड दशांश मिलिमीटर. मऊ पेन्सिल, पट्टीच्या एकाच कडेला, बस. मार्कर लावू नका, शाई लाकडात पसरते. एकास अठ्ठेचाळीसचं मोठं मॉडेल असेल तर मध्ये काळा पातळ कागद चिकटवा.

नाळेकडे डेक निमुळता होतो, तिथे फळीला सुईसारखं टोक करू नका. त्यात ना खिळा बसतो ना धागा. कडेला एक रुंद फळी आधी बसवा, तिच्यात खाच करा आणि फळीचं टोक निम्म्या रुंदीवर बोथट कापून त्या खाचेत घाला. हे काम वेळ खातं, पण इथे घाई करू नका.

खिळ्यांवरच्या गुट्ट्या, म्हणजे खिळ्याचं भोक बुजवणारे लाकडी तुकडे. टूथपिक घालणारे आहेत. दोन मिलिमीटरची टूथपिक म्हणजे साडेपाच इंचांचा वासा झाला! खरी गुट्टी दीडेक इंचाची, आपल्याकडे अर्धा मिलिमीटर. सुईने टोचा, लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरा. जेमतेम दिसली पाहिजे.

सफाई ब्लेड उभं धरून खरवडून करा. पॉलिश पेपरने पेन्सिलची काळी धूळ लाकडात भरते. वर चपडा लाखेचा पातळ हात, चकाकी नको, कारण खलाशी डेक दगडाने घासायचे, तो उन्हात फिका पडायचा.

आणि आपल्या हवेचं एक. मे महिन्यात इथे लाकूड इतकं वाळतं की तेव्हा घट्ट दाबून घातलेला डेक जूनमध्ये मुंबईला नेलात तर फुगून उचलतो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खालच्या प्लायला दोन्ही बाजूंनी आधी लाखेचा हात द्या आणि शक्यतो दिवाळीनंतर डेक घाला.

उजवीकडच्या टेबलावर साटीनचा आणि ट्वीलचा असे दोन नमुने शेजारी ठेवलेत, हात लावून बघा. शेजारी ग्राफचे कागद आहेत. सहा तुळयांच्या फळीचा क्रम ज्याला जमेल त्याने काढून मला दाखवावा. शाळेतल्या मुलांनी आधी यावं, मोठ्यांनी नंतर.