विमानातून दिसलेलं वावर

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या पोरांनी फोन केला, काका तुम्ही कशावर बोलता, मी म्हटलं विमानप्रवासावर बोलतो. तर त्यातला एक जण म्हणाला, काका शेतीवर बोला ना, पावसाचे दिवस आहेत, लोकं येतील. मी त्याला म्हटलं, अरे बापू, शेतीवरच बोलतो, फक्त वरून.

इथं बसलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल, डवरण चालू असताना वर पांढरी रेघ उमटायची अन् आपण डवरं सोडून ओरडायचो, राकेट, राकेट! ते राकेट नव्हतं, विमानच होतं, दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं. तिथं बाहेरचं तापमान शून्याच्या खाली पन्नास अंशांच्या आसपास असते, इंजिनातून निघालेली वाफ बाहेर पडली की लगेच गोठते अन् तिचे बर्फाचे बारीक कण होतात, तीच ती रेघ. वरची हवा कोरडी असली तर रेघ लगेच पुसली जाते, ओलावा असला की बराच वेळ राहते अन् पसरते. लहानपणी हे काही माहीत नव्हतं, पण मान दुखेपर्यंत पाहायचो.

माझे वडील त्याच्याही आधीचं सांगायचे. १९४९ साली रात्रीच्या टपालाची विमानसेवा सुरू झाली होती, मुंबई, दिल्ली, कलकत्ता अन् मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला सोनेगावात भेटायची, पत्रांच्या थैल्या एकमेकांना द्यायची अन् पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आपल्या एसटी स्टँडवर गाड्या लागून सवाऱ्या बदलतात तसंच, फक्त विमानांचं. वडील जागलीला वावरात मचाणावर असायचे अन् त्यांना रात्री डाकोटा विमानाची घरघर ऐकू यायची. म्हणायचे, पत्रं चालली. मला हे नेहमी मोठं वाटत आलंय की देशाच्या चार कोपऱ्यांतली पत्रं आपल्या विदर्भात येऊन एकमेकांना भेटत होती.

आता माझं. मी पाटबंधाऱ्यात आरेखक होतो, नकाशे काढायचं काम, जवळजवळ सगळी नोकरी त्यातच गेली. टोपोशीट समोर, म्हणजे नद्या-नाले, रस्ते अन् जमिनीचा चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा, त्यावर ट्रेसिंग पेपर, हातात रोट्रिंग पेन. टोपोशीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, पाणी निळं, रस्ता लाल, अन् उंचसखल दाखवायला तपकिरी कंटूर. हजारो नाले मी काढले असतील, पण पायानं पाहिलेले त्यातले दहा-वीस. बाकी सगळे माझ्यासाठी निळ्या रेघाच होत्या. मग एकदा ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी दिल्लीला पाठवलं, नागपूरहून विमानानं, नशिबानं खिडकीची सीट मिळाली. विमान धावपट्टीवर धावते, पाठ सीटला चिकटते, अन् मग एक क्षण असा येतो की खालचा खडखड आवाजच बंद होतो, चाकं सुटली जमिनीपासून. तो क्षण मला आजही तितकाच आवडतो. पण खरं सांगायचं ते त्याच्यानंतरचं. विमान जरा वर गेलं, वळलं, अन् खाली पाहतो तर काय, माझं टोपोशीट! नाले तसेच, झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांत मिळत जाणारे, धुरे, पांदण, तलाव, गावाभोवतीचा बाभळीचा पट्टा, सगळं जसंच्या तसं, फक्त रंग खरे, अन् तळ्यावरून ऊन एकदम चमकून डोळ्यावर यायचं. इतकी वर्षं कागदावर काढलेली जमीन पहिल्यांदा समोर दिसली अन् मला भरून आलं. शेजारचा माणूस झोपला होता, नाहीतर त्याला हलवून दाखवलं असतं.

त्या फ्लाईटमध्ये सातपुड्याचं जंगल आलं, मग नर्मदा, अन् दिल्लीच्या अलीकडं चंबळच्या घळया, पाण्यानं माती अशी कोरून काढलीय की वरून पाहिलं तर सुरकुतलेल्या हातासारखं वाटते. सुपीक मातीचं पाणी काय करू शकते हे ज्याला पाहायचं त्यानं ते बघावं.

अन् एक गोष्ट दिसली, ती तेव्हा कळली नाही. सकाळची वेळ, सूर्य उजवीकडं, मी डावीकडं बसलेलो. खाली कापूस पिंजून ठेवल्यासारखे ढग, त्यांच्यावर आमच्याच विमानाची सावली पळत होती अन् त्या सावलीभोवती गोल, पूर्ण गोल, रंगांचं कडं. इंद्रधनुष्य नव्हे, त्याच्यापेक्षा लहान. मला वाटलं काचेचा काही प्रकार असेल, परत आल्यावर वाचलं तेव्हा समजलं की इंग्रजीत त्याला ग्लोरी म्हणतात, ढगातले पाण्याचे बारीक थेंब सूर्याचा उजेड आल्या वाटेनं मागं फेकतात त्यामुळं ते दिसते. म्हणून ते नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूलाच दिसणार. अन् प्रत्येकाला स्वतःच्या जागेभोवतीचं दिसते, म्हणजे पुढच्या सीटवाल्याचं कडं त्याच्या सीटच्या सावलीभोवती अन् मागच्याचं मागं. तेव्हापासून तिकीट काढताना सूर्य कोणत्या बाजूला असेल याचा हिशोब आधी करतो.

नागपूर-मुंबईला डावी बाजू घ्यावी, हवा स्वच्छ असली तर लोणार दिसते. बुलडाण्याचं लोणार, उल्का पडून झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बसाल्ट खडकातलं. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं ते पेपरात सगळ्यांनी वाचलंच असेल, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं झालं होतं ते. मी खाली उतरून लोणार पाहिलंय, देवळं पाहिली, पण तिथं काठावर उभं राहून तुम्ही त्याच्या आतच असता. वरून कळते की सगळीकडं पाण्यानं घडवलेली जमीन आहे, वाकडेतिकडे नाले, वाकडेतिकडे डोंगर, अन् मधातच हे एक गोल. नकाशा काढणाऱ्याचं लक्ष गोलावर लगेच जाते, कारण आपल्याकडची जमीन इतकं गोल स्वतःहून काही करत नाही.

रात्रीचं एक सांगतो अन् मग आईकडं येतो. मे महिना, मुंबईहून नागपूर, रात्रीची फ्लाईट. दूर एक ढग उभा होता, आमच्या विमानापेक्षाही उंच, वरून ऐरणीसारखा चपटा पसरलेला. त्याच्या पोटात वीज व्हायची अन् पूर्ण ढग आतून कंदिलासारखा उजळायचा, आवाज काहीच नाही. विमान त्याला लांबून वळसा घालून गेलं. मी तो अर्धा तास डोळे हलवले नाहीत. पण पाहताना मनात हेही होतं की ह्याच्या खाली कोणाचा तरी संत्र्याचा बगीचा असेल, कोणाचं तरी तीळ-भुईमूग असेल, कारण गारा देणारे ढग ते असेच. सुंदर अन् भीती दोन्ही एकाच वेळी, असं मला तरी दुसरीकडं कुठं झालं नाही.

बरं, आई. आई ७८ वर्षांची. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या अमरावतीला, बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा मी ठरवलं की आईला न्यायचं. नातीचं घर मुंबईत आहे, निमित्त तयारच होतं. पावसाळा संपल्यावर गेलो. ते एटीआर विमान आहे, दोन पंख्यांचं, सत्तर-बहात्तर लोकांचं, त्यात मागच्या दारानं चढतात. मोठ्या जेटपेक्षा हळू जाते अन् खालून जाते, अन् त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, म्हणजे खालचं पाहायला काही आडवं येत नाही. माझ्या मते जमीन पाहायला त्याच्यासारखं विमान नाही. लोकं म्हणतात लहान विमान नको, मी म्हणतो तेच घ्या.

आईला डावीकडची खिडकी दिली, तोंडात खडीसाखर दिली, कारण वर जाताना अन् उतरताना कानात दडे बसतात, गिळत राहिलं की कान मोकळे होतात. चढताना थोडं हाललं तर माझा हात धरून म्हणे, "काहून रे बापू, हे एवढं हालून कायले रायलं?" मी म्हटलं बैलगाडी नाही का पांदणीत हालत, हवेतही चाकोऱ्या असतात. मग तिनं जे खिडकीला कपाळ टेकवलं ते शेवटपर्यंत. थोड्या वेळानं विचारते, "अन् आपलं वावर कोणतं व्हय?"

आता आपलं कारंजा विमानाच्या वाटेपासून पंचवीस-तीस किलोमीटर, आपलं वावर काही दिसायचं नाही. पण काटेपूर्णाचं धरण अगदी जवळ आलं, महानचं, पावसाळा नुकताच संपल्यामुळं गच्च भरलेलं. अन् त्याच्या बरंच पलीकडं, क्षितिजाकडं, पाण्याची एक बारीक चकाकी होती, ते अडाण धरण. मी तिला बोट ठेवून दाखवलं, हे काटेपूर्णा, तुझं माहेर याच्या काठावर, अन् ते तिकडं चमकते ते अडाण, आपलं सासरकडचं पाणी, अन् दोन्हीच्या मधात ती डोंगराची काळपट धार दिसते का? आयुष्यभर नकाशावर जी धार मी काढत आलो ती ही. धारेच्या अलीकडं पडलेला थेंब काटेपूर्णात जाते, तिथून पूर्णेत, पूर्णा तापीत, अन् सुरतेजवळ समुद्रात. पलीकडं पडला तर अडाण, पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, असं करत पार आंध्रातून पूर्वेच्या समुद्रात. एकाच ढगाचा पाऊस, दोन समुद्र.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे लगनात मी दुसऱ्या समुद्राच्या पाण्यावर आली."

साठ वर्षांपूर्वी ती बैलगाडीत बसून ती धार ओलांडून आली होती. एक दिवस अन् अर्धी रात्र लागली होती म्हणते. विमानाला तेवढ्या अंतराला तीन-चार मिनिटं लागली असतील. मी तीस वर्षं पाणलोटाचे नकाशे काढले पण माझ्या आईच्या लग्नाची वाट जलविभाजकावरून गेलीय हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते तिनं सांगितलं.

पुढं नाथसागर आला, जायकवाडीचा, तिला तो समुद्रच वाटला, मी म्हटलं थांब. मग सह्याद्री. आपलं पठार हळूहळू चढत जाते अन् मग एकदम जमीन संपते, काठावर काप मारल्यासारखी, खाली कोकण. हरिश्चंद्रगडाच्या बाजूचे ते कडे, थरावर थर, लाव्हाचे, अन् आपल्या काळ्या मातीचाही जन्म त्याच खडकातून झालाय. त्यानंतर खाड्या, इमारती, अन् उतरताना पाणी, ह्या वेळी खराच समुद्र. तिनं हात जोडले.

येताना मी पुन्हा डावीच बाजू घेतली, आता ती उत्तरेची. इकडं पूर्णेचं सपाट खोरं, खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं म्हणून तिकडचा हिरवा रंगसुद्धा वेगळा, अन् त्याच्या मागं गाविलगडचे डोंगर, मेळघाट, निळे. खिडकीच्या मधल्या काचेला एक बारीकसं भोक असते, हवेचा दाब सांभाळायला अन् काचेवर वाफ धरू नये म्हणून, आई त्यालाच डोळा लावून बसली होती, मी सांगितलं अगं बाजूनं पाहा, मोठं दिसते.

तर तुम्ही कधी निघाल, दवाखान्याला, पोराच्या इंटरव्ह्यूला, दीक्षाभूमीहून पुढं गयेला, कशालाही, खिडकी मागा, पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची. झोप घरी काढा. पडदा ओढून मोबाईल पाहणारी लोकं पाहिली की मला खरंच वाईट वाटते.

आता बोलणं पुरे. हे टोपोशीट मी घरून आणलंय, टेबलावर पसरतो, पोरांनो पुढं या, कोपरे धरा. ज्याला आपलं वावर शोधायचं त्यानं अडाण धरणापासून सुरुवात करायची अन् निळ्या रेघेवर बोट ठेवून वर वर सरकत यायचं. हं, कोणाचा नाला आधी सापडते पाहू.