एक हल की दोन?

श्रोतेहो, नमस्कार. शिडाची बोट घ्यायचा विषय निघाला की हल्ली हमखास वाद रंगतो: कॅटामरान की मोनोहल? म्हणजे दोन अरुंद हल (बोटीचे पाण्यात बसणारे सांगाडे) आणि त्यांना जोडणारा डेक, की एकच हल आणि खाली शिशाची नाहीतर लोखंडाची जड कील, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारा वजनदार कणा?

राहायला आणि फिरायला कॅटामरान उजवी, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. ती फारशी कलत नाही, ओट्यावरचा चहा सांडत नाही. खोल कील नसल्यानं उथळ खाडीत शिरते. आपल्या कोकणातले मच्छीमार होडीला उलांडी, म्हणजे बाजूला तरंगणारा ओंडका, बांधतात, त्यामागचं तत्त्वही तेच. बोट वजनानं नाही, रुंदीनं सावरायची.

पण वारा पेटला की दोघींचा स्वभाव उघड होतो. मोनोहल कलते. जितकी कलेल तितका शिडावरचा वारा निसटतो आणि कील तिला आणखी जोरानं मागे खेचते. सुकाणूवरच्या माणसाला ते पायाखालीच कळतं, की आता शीड आखडा. कॅटामरान अशी सूचना देत नाही. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटला, तोही अवघ्या १०-१५ अंशांना, की तिची सावरण्याची ताकद शिगेला पोहोचलेली असते. पुढे ती घटतच जाते. म्हणून तिथे वाऱ्याच्या मापकावरचा आकडा आधीच ठरवायचा आणि तो आला की शीड कमी करायचं. रात्री तर अंधार पडण्यापूर्वीच. उलटली तर ती बहुधा तरंगत राहते, पण उलटीच. समुद्रात ती सरळ करणं माणसांच्या हातचं नसतं.

कील काय करते, ते सप्टेंबर २०१८ मध्ये दिसलं. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात कमांडर अभिलाष टॉमींची ‘थुरिया’ पूर्ण ३६० अंशांत फिरली. गोव्यात बांधलेली ही ३२ फुटी बोट ‘सुहेली’ची प्रतिकृती. मूळ ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता जग फिरून आले होते. ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली, टॉमींची पाठ जबर दुखावली, हलताही येईना. पण बोट सरळ झाली होती. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना सोडवेपर्यंत तीच बोट त्यांचा आसरा होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दूरच्या दक्षिण सागरात, एकटं-दुकटं जायचं तर कील हवीच. घरच्यांना घेऊन किनाऱ्या-किनाऱ्यानं हिंडायचं, तर कॅटामरान खुशाल घ्या. फक्त ती किती वजन पेलते, हे बांधणाऱ्याला आधी विचारा. पाणी, डिझेल, बॅटऱ्या, नांगराची साखळी, माणसं, सगळ्याची बेरीज करा. त्या आकड्यापलीकडे भरलीत, तर तिचा वेग तर जातोच, शिवाय दोन हलांमधल्या डेकला लाटा खालून धडकू लागतात, आणि तो मार रात्रंदिवस सोसावा लागतो.