पॉइंट वाटण्याआधी हिशेब मांडा: ऑनलाइन कोर्सची किंमत आणि बक्षिसं कशी ठरवायची

नमस्कार. तुमचा ऑनलाइन कोर्स चालू आहे आणि आता त्यात पॉइंट आणायचा विचार आहे. स्वाध्याय पूर्ण केला की पॉइंट, मैत्रिणीला आणलं की पॉइंट, आणि साठलेल्या पॉइंटांवर पुढच्या कोर्सला सवलत. करा, जरूर करा. पण सॉफ्टवेअर शोधायला बसण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा: तुम्ही दिलेला प्रत्येक पॉइंट म्हणजे तुमच्या डोक्यावरची उधारी. विद्यार्थ्याच्या खात्यात आज २०० पॉइंट पडले, तर पुढे कधीतरी त्याला २०० रुपयांची शिकवणी द्यायचं तुम्ही कबूल केलेलं आहे. आजचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. मोडी वाचनाचा कोर्स. २४ धडे, ८ स्वाध्याय, फी २४०० रुपये, जीएसटी धरून. त्याच्या पुढचा छोटा कोर्स जमिनीच्या जुन्या कागदांच्या वाचनाचा, फी ९०० रुपये.

[स्क्रीनवर: २४०० रुपयांची फोड]

पहिला प्रश्न: पॉइंट वाटायला पैसे आहेत कुठे? २४०० मधून १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की ३६६ रुपये गेले. पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं, शुल्क २ टक्के आणि त्यावर परत जीएसटी, म्हणजे साधारण ५७ रुपये. स्वाध्याय तपासायला माणूस लागतो. एका स्वाध्यायाचे ४० रुपये धरले तर आठांचे ३२०. हातात उरले १६५७. त्यातून चित्रीकरण, संपादन, जाहिरात आणि तुमची स्वतःची मेहनत भागायची आहे. अशा कोर्सला फीच्या १० टक्के, म्हणजे २४० पॉइंट, एवढीच बक्षिसाची मर्यादा ठेवा. काही जण पॉइंट वापरणारच नाहीत, हे खरं आहे. पण पहिल्या वर्षी सगळे वापरतील असंच धरून चाला. न वापरलेल्या पॉइंटांच्या भरवशावर जास्त वाटप केलं, की नेमके तुमचे सगळ्यात चिकाटीचे विद्यार्थी एकदम वसुलीला येतात.

१ पॉइंट = १ रुपया ठेवा. १० पॉइंटांचा १ रुपया केला की आकडा मोठा दिसतो, पण २४०० पॉइंट जमवून २४० रुपयेच सुटतात हे कळलं की माणसाला फसल्यासारखं वाटतं. आणि ते त्याला कळतंच.

आता हे २४० कशाला द्यायचे? इथे थोडं थांबू, कारण बहुतेक योजना इथेच फसतात. व्हिडिओ पाहण्याला पॉइंट देऊ नका. आवाज बंद, वेग दुप्पट, दुसऱ्या टॅबमध्ये भलतंच काम, आणि तुमच्या नोंदीत धडा पूर्ण. पॉइंट अशा कामाला द्या जे ढकलून नेता येत नाही.

[स्क्रीनवर: मोडीतल्या पानाचा फोटो, दहा ओळी]

हे पान बघा. शिरोरेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग ओढलेली, अक्षरं तिला लटकलेली, शब्दांमध्ये जागा नाही. शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं. वर मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे पुढचं-मागचं वाचल्याशिवाय ठरत नाही. या दहा ओळींचं देवनागरीत लिप्यंतर करून पाठवलं, तर त्या माणसाला मोडी कितपत लागली ते दिसतं. पॉइंट याला द्यायचे.

वाटणी अशी: दरेक स्वाध्यायाला २० पॉइंट, आठांचे १६०. चुका दुरुस्त केलेली अंतिम प्रत आली की आणखी ५, आठांचे ४०. शेवटच्या परीक्षेला ४०. झाले २४०.

त्या ५ पॉइंटांचा नियम लिहिताना सांभाळा. ‘परत पाठवल्यास ५’ असं लिहिलं तर हुशार विद्यार्थी पहिल्या वेळी मुद्दाम दोन चुका ठेवून पाठवेल. नियम ‘अंतिम बिनचूक प्रतीला ५’ असा करा. मग पहिल्याच खेपेला बरोबर आलेल्यालाही ते मिळतात आणि मुद्दाम चुकण्यात काही हशील राहत नाही.

चर्चेत एकमेकांच्या शंका सोडवणाऱ्यांना पॉइंट द्यावेत का? माझं मत: रुपयांत बदलणारे पॉइंट देऊ नयेत. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आधीपासून आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधीच सांगितलं होतं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. शंका सोडवणारा विद्यार्थी आवडीने ते करत असतो. त्याच्या उत्तराला ५ रुपयांचा भाव लावला, की आवडही जाते आणि दुसऱ्याचं उत्तर उतरवून टाकणारे गोळा होतात. त्यांच्यासाठी वेगळा, खर्च न होणारा मान ठेवा: नावापुढे खूण, किंवा पुढच्या बॅचला मदतनीस म्हणून बोलावणं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचे प्रतिष्ठेचे गुण साधारण असेच आहेत, त्यांचे पैसे होत नाहीत. तरीही तिथे इतरांनी दिलेल्या मतांमधून एका दिवसात २०० च्या वर गुण मिळत नाहीत. पैसा नसलेल्या गुणांनाही लगाम लागतो, मग तुमच्या पॉइंटांना तर लागणारच.

ओळखीतून नवीन विद्यार्थी आणण्याचे पॉइंट. सगळ्यात जास्त लबाडी इथेच होते. एकाच घरातले तीन ईमेल, एकाच मोबाइलवरून तीन खाती. म्हणून नोंदणी झाल्या झाल्या काही द्यायचं नाही. नवीन माणसाने फी भरली, परताव्याचे ७ दिवस उलटले आणि त्याचे २ स्वाध्याय तपासून झाले, की मग आणणाऱ्याला १०० पॉइंट. वर्षाला जास्तीत जास्त ५ जण. हे १०० त्या २४० मधले नव्हेत, ते जाहिरातीच्या खर्चात धरा.

सुरुवात कशी दाखवायची, यावर एक उपयोगी प्रयोग आहे. जोसेफ नुनेस आणि झेविअर ड्रेझ या विपणनाच्या अभ्यासकांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर निम्म्या ग्राहकांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं. बाकीच्यांना १० शिक्क्यांचं, पण त्यातले २ आधीच मारलेले. दोघांनाही अजून ८ च शिक्के हवे होते. कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दोन शिक्केवालं ३४ टक्क्यांनी. तुमच्या प्रगतीच्या पट्टीत हेच करा, पण पहिल्या दोन पायऱ्या खऱ्या ठेवा: नोंदणी, आणि टाक किंवा पेनाने ओढलेल्या पहिल्या शिरोरेघेचा फोटो.

आता पैसे देऊन घेतलेले पॉइंट. तुमच्याकडे २४०० चा एकच कोर्स असेल तर पॉइंट विकूच नका, सरळ फी घ्या. पॉइंट विकण्यात अर्थ आहे तो छोट्या, वारंवार होणाऱ्या व्यवहारांसाठी. एक जादा पान तपासून घेणं ६० पॉइंट, शंका-निरसनाचं अर्ध्या तासाचं सत्र १५० पॉइंट. दर वेळी ६० रुपयांचं पेमेंट करायला लावलं की माणूस कंटाळतो.

[स्क्रीनवर: दोन डबे, ‘विकत घेतलेले’ आणि ‘कमावलेले’]

आणि इथे दोन डबे वेगळे ठेवा. एकत्र केले की पुढे सोडवता येत नाहीत. विकत घेतलेल्या पॉइंटांना मुदत नाही, तो विद्यार्थ्याचा पैसा आहे. कमावलेल्यांना मिळाल्यापासून १२ महिने. हजार पॉइंटांच्या पॅकवर ५० फुकट देत असाल तर ते ५० दुसऱ्या डब्यात. खर्च होताना आधी कमावलेले जातील, त्यातही ज्यांची मुदत जवळ आली आहे ते पहिले. आणि कोणत्याही कोर्सच्या फीत कमावलेले पॉइंट ३० टक्क्यांच्या वर चालणार नाहीत. ९०० च्या कोर्सला ही मर्यादा २७० येते, म्हणजे मोडीचा कोर्स पूर्ण करणाऱ्याचे २४० पूर्ण वापरले जातात. मर्यादा अशीच निवडा, की पहिल्या कोर्सची कमाई दुसऱ्या कोर्सला पुरेपूर लागावी. नाहीतर थोडेसे पॉइंट उरतात आणि ते कुठेच चालत नाहीत.

तोच त्रास पॅकमुळेही होतो. ९०० च्या कोर्सला २४० वापरून गरज उरली ६६० ची आणि पॅक फक्त ५०० आणि १००० चे. मग ३४० विनाकारण अडकले. पैसे भरण्याच्या पानावर ‘कमी पडणारी रक्कम भरा’ हा पर्याय हवाच.

कायद्याचं थोडक्यात. तुमचे पॉइंट फक्त तुमच्याच कोर्सना चालत असतील आणि ते रोखीत काढता येत नसतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ती बंद पद्धत ठरते आणि परवानगी लागत नाही. ‘माझ्या पॉइंटांवर दुसऱ्या शिक्षकाचाही कोर्स घ्या’ म्हणालात, की तुम्ही त्या कुंपणाबाहेर गेलात. मुदत संपण्याचे संदेश ३० दिवस आणि ७ दिवस आधी, खऱ्या तारखेसह पाठवा. ‘शेवटचे काही तास’ असं रोज दाखवणं ही खोटी घाई, आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडते. आयफोनच्या ॲपमधून पॉइंट विकणार असाल तर विकलेल्या पॉइंटांना मुदत घालायला ॲपलची मनाई आहे. दोन डबे करण्याचं हेही एक कारण.

बिल करताना कमावलेले पॉइंट बिलातच सवलत म्हणून दाखवा. ९०० वजा २४०, राहिले ६६०, जीएसटी त्या ६६० मधला, म्हणजे साधारण १०१ रुपये. सवलत बिलावर नसेल तर ९०० मधले १३७ भरावे लागतील. विकलेल्या पॅकवर कर कधी भरायचा, हे पहिला पॅक विकण्याआधी तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

आता नोंदी. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ‘शिल्लक’ हा एकच रकाना ठेवून त्यात बेरीज-वजाबाकी करत राहणं ही मोठी चूक. महिन्याभराने कुणी विचारलं, ‘माझे ४० कुठे गेले?’ तर दाखवायला काही नसतं. जुन्या पेढ्यांवर कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायचे तसं लिहा: तारीख, विद्यार्थी, डबा, जमा की नावे, किती, कशाबद्दल, पेमेंटचा किंवा स्वाध्यायाचा क्रमांक, मुदत. शिल्लक म्हणजे या नोंदींची बेरीज. चूक झाली तर नोंद खोडायची नाही, उलट नोंद करायची. गेटवेकडून ‘पैसे आले’ हा निरोप कधीकधी दोनदा येतो. म्हणून एका पेमेंट क्रमांकाची एकच नोंद होईल असं बंधन डेटाबेसमध्येच घाला. कुणी दोन टॅब उघडून एकाच क्षणी दोन कोर्स घेतले तर शिल्लक उणे होते. व्यवहार चालू असताना ते खाते कुलूपबंद करायला प्रोग्रामरला सांगा.

दर महिन्याला एक आकडा काढा: कमावलेल्या डब्यांतली एकूण शिल्लक. ती ५०,००० असेल तर तेवढ्या रुपयांचं देणं आहे. ती सलग तीन महिने वाढत असेल आणि वापर होत नसेल, तर पॉइंट खर्च करण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. नवीन छोटे कोर्स आणा. पॉइंटांची किंमत कमी करू नका. करावीच लागली तर ९० दिवस आधी कळवा आणि आधी मिळालेले पॉइंट जुन्याच भावाने चालवा.

पहिली बॅच ३० जणांची घ्या. पण त्याआधी चाचणी खात्यावर हे व्यवहार करून बघा: तेच पेमेंट दोनदा नोंदवा, एकाच वेळी दोन टॅबमधून खरेदी करा, मुदत संपलेले पॉइंट वापरून बघा. आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी परताव्याची. ९०० चा कोर्स २४० कमावलेले आणि ६६० विकत घेतलेले पॉइंट देऊन घ्या आणि रद्द करा. बऱ्याच यंत्रणा इथे पूर्ण ९०० विकत घेतलेल्या डब्यात टाकतात, आणि बक्षिसाचे पॉइंट गुपचूप पैसे होऊन बसतात. ६६० त्यांच्या डब्यात आले पाहिजेत आणि २४० कमावलेल्यांत, जुन्याच मुदतीसह. मुदत मध्येच संपली असेल तर वर ३० दिवस द्या. हे बरोबर झालेलं दिसलं, की मग ‘पॉइंट वापरा’ हे बटण विद्यार्थ्यांना दाखवा.