मल्याळी सिनेमातलं घर आणि घराचा मालक

ओसरीवर एक माणूस बसलाय. अंगणात गाय शिरते आणि नारळाच्या रोपाला तोंड लावते. चार पावलं टाकली की हाकलता येईल, पण उण्णी जागचा हलत नाही. बहिणीला हाका मारत राहतो.

१९८१. अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिप्पत्तायम’. अडूर सिनेमा शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. पण पडद्यावरचं, केरळातल्या नायर समाजाचं हे पडत चाललेलं घर त्यांच्या स्वतःच्या मुलखातलं आहे.

नायरांच्या तरवाडात, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या घरात, वंश आईकडून चाले. मालमत्तेवर हक्क बहिणींचा आणि त्यांच्या मुलांचा. कारभार मात्र मामाच्या, म्हणजे कारणवराच्या हातात. कायद्यानं ही पद्धत १९७६ मध्ये संपली. घरं त्याआधीच फुटू लागली होती. उण्णी हा असा मागे उरलेला कारणवर. थोरली बहीण वाटा मागते, तो देत नाही. धाकटी एक दिवस घर सोडून जाते. मधली राजम्मा त्याचं सगळं करता करता अंथरूण धरते.

मातृवंशीय म्हणजे तिथं बायकांचं राज्य, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. तिनं राजम्माला एकदा भेटावं.

पुढे गल्फचा पैसा आला, काँक्रीटचे बंगले उठले, त्यांच्यावरही सिनेमे निघाले. आपण थेट कोचीजवळच्या खाडीकाठी येऊ. ‘कुंबळंगी नाइट्स’, २०१९. एकीकडे भावांचं घर, ज्याला धड दारही नाही. दुसरीकडे शम्मीचं, झाडून-पुसून लख्ख. पण ते शम्मीचं कुठे? घर सासूचं, हा घरजावई. तरी जेवणाच्या टेबलावर मुख्य खुर्ची त्याची, आणि मेव्हणीनं कुणाशी लग्न करायचं हेही तोच ठरवणार. कायदा होऊन चार दशकं उलटली. कारणवर नव्या वेषात हजर!

दोन वर्षांनी दिग्दर्शक जिओ बेबी कॅमेरा घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरले. ‘द ग्रेट इंडियन किचन’ मोठ्या ओटीटी कंपन्यांनी नाकारला, म्हणून तो नीस्ट्रीम या छोट्या मंचावर आला. नव्या सुनेच्या सासऱ्यांना भात चुलीवरचा हवा, चटणी वाटलेली हवी, कपडे मशीनमध्ये नकोत. बोलणं मात्र मऊ, आवाज कधी चढत नाही. सिंकचा पाइप गळतोय, आणि प्लंबरला सांगायचं नवरा रोज विसरतो.

हा नवरा शिक्षक आहे. वर्गात मुलींना तो समाजशास्त्र शिकवतो. धडा चालू असतो कुटुंबसंस्थेचा.